विज्ञान कादंबरी ऐकावी कशी?

साय-फाय ऑडिओबुक तिसऱ्या प्रकरणाशी सोडून दिल्याची तक्रार जितकी कानावर येते, तितकी रहस्यकथेबद्दल किंवा चरित्राबद्दल येत नाही. ‘कोण कुठल्या ग्रहावर आहे तेच कळेना’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. दोष ऐकणाऱ्याचा फारसा नसतो. सामाजिक कादंबरीतला वाडा, भाऊबंदकी, कचेरी आपल्या ओळखीची असते. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि दोन मिनिटं लक्ष उडालं, तरी धागा पुन्हा सापडतो. विज्ञान कादंबरीत लेखकाने जगच नवं मांडलेलं असतं. त्या जगाचे नियम तो सुरुवातीच्या पन्नासेक पानांत, बरेचदा न समजावता, बोलता बोलता सांगून मोकळा होतो. छापील पुस्तकात डोळा आपसूक मागे जातो आणि चमत्कारिक नाव पुन्हा बघून येतो. कान मागे जात नाही.

म्हणून दोनच गोष्टींवर जोर द्यायचा: पुस्तक कानाला सोसेल असं निवडायचं आणि पहिला तास त्याला पुरता द्यायचा. ॲप कोणतं, हेडफोन किती हजारांचा, स्पीड किती हे सगळं नंतरचं. तेही पुढे येईलच.

हा प्रकार कानाला परका मात्र नाही. 30 ऑक्टोबर 1938 ला नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने अमेरिकेत ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ रेडिओवर सादर केली ती संगीताचा कार्यक्रम थांबवून मंगळवासीयांच्या बातम्या याव्यात अशा थाटात. ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ तर मार्च 1978 मध्ये बीबीसी रेडिओ 4 वर आधी आली आणि पुस्तक निघालं 1979 मध्ये. आपल्याकडेही आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत मोठी झालेली माणसं अजून घराघरांत आहेत. ती पिढी ऑडिओबुकला नव्या पोरांपेक्षा लवकर सरावते.

पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं

यादीत सगळ्यात गाजलेलं नाव उचलायचं आणि सुरू करायचं, असं केलं की बहुधा ‘ड्यून’ वाट्याला येतं आणि हौस तिथेच विरते. पुस्तक थोर आहे, पण ते चौथं-पाचवं. पहिल्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात. गोष्ट ‘मी’ सांगतोय का? पात्रं मोजकी आहेत का? काळ सरळ पुढे जातो की उड्या मारतो? आणि एकूण तास किती? यातला पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा. कोणीतरी एक जण आपल्याला काहीतरी सांगतोय, ही मांडणी कानाला जन्मापासून ठाऊक आहे.

या चारही कसोट्यांना एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ (1895) अशी उतरते की ती ऐकण्यासाठीच लिहिली असावी असं वाटतं. सव्वाशेहून अधिक वर्षं जुनी आणि जेमतेम साडेतीन तासांची. लंडनजवळ एका घरी गुरुवारी मित्र जेवायला जमतात आणि यजमान त्यांना चौथ्या मितीची कल्पना समजावतो. पाहुण्यांना वेल्सने बहुतेक नावंच दिलेली नाहीत: डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, संपादक, एक फारच तरुण माणूस. नायकही नुसता ‘टाइम ट्रॅव्हलर’. लक्षात ठेवायला नावं नाहीत, धंदे आहेत, आणि ते आवाजातूनही ओळखू येतात. पुढच्या गुरुवारी यजमान उशिरा येतो, धुळीने माखलेला, लंगडत. तो पोटभर जेवतो आणि मग म्हणतो की सगळं सांगतो, पण मध्ये कोणी बोलायचं नाही. तिथून पुढे जवळजवळ संपूर्ण कादंबरी म्हणजे त्याचं अखंड बोलणं. तो इसवी सन 802701 मध्ये जाऊन आला आहे. तिथली नवी नावं फक्त तीन: इलॉय, मॉरलॉक आणि वीना.

दुसरं पुस्तक म्हणून अँडी वियरची ‘द मार्शियन’ घ्यावी. मंगळावर एकटा मागे राहिलेला मार्क वॉटनी रोजची नोंद लिहितो आणि प्रत्येक नोंदीला ‘सोल’चा आकडा असतो. सोल म्हणजे मंगळावरचा दिवस, आपल्यापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. तो आकडा कानात ठेवला की काळाचा हिशोब चुकत नाही. हे पुस्तक साधारण अकरा तासांचं. एक सूचना: वॉटनीची पहिलीच ओळ शिवीची आहे. स्वयंपाकघरात स्पीकरवर लावणार असाल तर घरात कोण कोण आहे ते आधी पाहा.

त्यानंतर त्याच लेखकाची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (2021). साधारण सोळा तास, आवाज रे पोर्टरचा. यानात जाग आलेल्या माणसाला स्वतःचं नावही आठवत नाही आणि आठवणी तुकड्यातुकड्यांनी परत येतात. म्हणजे ‘यानातलं आत्ता’ आणि ‘पृथ्वीवरचं तेव्हा’ असे दोन धागे सुरू होतात. निवेदकाला काहीही माहीत नसल्यामुळे ऐकणारा त्याच्या बरोबरीनेच शिकतो. ऑडिओची खरी गंमत यात आहे. पुढे एक पात्र येतं, त्याची भाषा शब्दांची नाही, सुरांची आहे. छापील पुस्तकात ते सूर वाचावे लागतात, इथे ते प्रत्यक्ष वाजतात. हे पुस्तक वाचण्यापेक्षा ऐकलेलं बरं, असं मी बेलाशक म्हणेन.

इतकं पचलं की मग ‘ड्यून’ (1965), एकवीस तासांच्या आसपास.

सॅम्पल ऐकताना काय तपासायचं

ऑडिओबुकमध्ये लेखकाइतकाच वाचणारा महत्त्वाचा. काही पुस्तकांची एकाहून जास्त रेकॉर्डिंग असतात. ‘द मार्शियन’चंच पाहा: आधीचं आर. सी. ब्रेच्या आवाजात, नंतरचं विल व्हीटनच्या. दोन्हींचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येतात. तुम्हाला कोणतं मिळतंय ते पाहून मगच पैसे द्या.

सॅम्पल पाच मिनिटांचं असेल तर ते हातातलं काम सोडून ऐकावं, 1 च्या स्पीडवर. संपल्यावर स्वतःला विचारावं: कोण बोलत होतं, कुठे होतं, त्याला काय हवं होतं? तीनपैकी दोन उत्तरं आली तर पुस्तक घ्या. एकही आलं नाही तर आवाज कितीही गोड असो, त्या आवाजात सोळा तास निघणार नाहीत. ॲक्सेंटची भीती मराठी माध्यमवाल्यांना जास्त असते, पण तो दोन प्रकरणांत कानात बसतो. पुटपुटत वाचणारा मात्र शेवटपर्यंत पुटपुटतोच.

माहितीच्या पानावर आणखी तीन गोष्टी बघून ठेवा. एक, पुस्तक संपूर्ण आहे की संक्षिप्त. संक्षिप्त साय-फायमध्ये कात्री नेमकी जगाच्या वर्णनाला लागते आणि मागे उरते ती नुसती धावपळ. दोन, एकच आवाज आहे की नाट्यरूप. अनेक कलाकार, पार्श्वसंगीत, दरवाज्यांचे आवाज असलं की सुरुवातीला भारी वाटतं, पण इंग्रजी तुमची रोजची भाषा नसेल तर त्या गलबल्यात वाक्यं निसटतात. ‘ड्यून’च्या प्रचलित रेकॉर्डिंगमध्ये तर काही प्रसंग अनेक कलाकारांत, काही एकट्या निवेदकाच्या तोंडी. एकाच पात्राचा आवाज त्यामुळे मध्येच बदलतो. हे आधी माहीत असलं की दचकायला होत नाही. तीन, वाचणारा माणूस आहे की यंत्र. ऑडिबल या ऑडिओबुकच्या ॲपवर अशा पुस्तकांना निवेदकाच्या जागी ‘व्हर्च्युअल व्हॉइस’ असं लिहिलेलं असतं. माहितीपर पुस्तक तसं चालून जाईल, पण कादंबरीत कुठे थांबायचं हे कळणारा गळा लागतो.

पुस्तक कुठून आणायचं

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर लिब्रीव्हॉक्स. 2005 पासून जगभरचे स्वयंसेवक कॉपीराइट संपलेली पुस्तकं इथे वाचून ठेवतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो. वेल्स 1946 मध्ये गेला, ज्यूल व्हर्न 1905 मध्ये, म्हणजे दोघेही मोकळे. हौशी मंडळी वाचतात, त्यामुळे दर्जा खालीवर होतो. काही पुस्तकांत दर प्रकरणाला नवा आवाज येतो, तो टाळायचा असेल तर ‘सोलो’ असं लिहिलेली आवृत्ती शोधावी. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, तेव्हा पहिली आवडली नाही म्हणून पुस्तकावर फुली मारू नका. व्हर्नबाबत एक सावधगिरी: फुकटात मिळतात ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी अनुवाद. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज’चा मर्सिएने केलेला जुना अनुवाद तर बराच मजकूर गाळण्याबद्दल आणि चुकांबद्दलच बदनाम आहे.

पैसे देऊन घ्यायचं तर ऑडिबल भारतात 2018 पासून आहे आणि स्टोरीटेल 2017 पासून. मराठी पुस्तकांसाठी आधी स्टोरीटेलकडे वळावं. क्रेडिटवर (म्हणजे वर्गणीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकाच्या कूपनवर) पुस्तक मिळत असेल तर एक क्रेडिट म्हणजे एक पुस्तक, मग ते तीन तासांचं असो की तीसचं. त्यामुळे क्रेडिट जाड पुस्तकावर खर्च करायचं आणि छोटं पुस्तक सेलमध्ये किंवा वर्गणीत बसत असेल तिथे ऐकायचं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या मराठी मंडळींनी आधी गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढावं. लिबी ॲपवर त्याच कार्डाने ऑडिओबुक फुकट मिळतं. गाजलेल्या पुस्तकाला आठवडेच्या आठवडे रांग असते, म्हणून तीन-चार पुस्तकांना एकदमच नंबर लावून ठेवायचा.

यूट्यूबवर सगळं सापडतं म्हणतात. सापडतं, पण त्यातलं बरंचसं चोरीचं असतं. मध्ये जाहिरात घुसते, प्रकरणांच्या खुणा नसतात आणि एक दिवस अर्ध्यावर आलेलं पुस्तक गायब होतं.

डाउनलोड घरच्या वायफायवर करून ठेवा. 64 केबीपीएस दर्जाच्या फाइलला तासाला सुमारे 29 एमबी लागतात, म्हणजे सोळा तासांचं पुस्तक 460 एमबीच्या आसपास. बोलक्या आवाजाला तेवढा दर्जा पुरतो. 128 ने जागा दुप्पट जाते आणि लोकलच्या खडखडाटात फरक कळतही नाही.

पहिला तास

हा भाग जरा तपशिलात सांगतो.

पहिल्या तासाला बैठक हवी. लोकल नको, भांडी नकोत, झोपायची वेळ तर मुळीच नको. रविवारी सकाळी चहा झाल्यावर किंवा संध्याकाळी रहदारी नसलेल्या रस्त्यावर एकट्याने चालताना ठीक. स्पीड 1. ॲपमधलं मागे जाण्याचं बटण तीस सेकंदांवर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन पंधरावर आणा. तीसने आपण दोन वाक्यं ऐकायला अख्खा परिच्छेद ऐकतो आणि कंटाळून मागे जाणंच सोडतो.

पुस्तक सुरू करण्याआधी मलपृष्ठावरचा मजकूर वाचून घ्या. रहस्यकथेत तो टाळणं बरं, इथे मात्र उपयोगाचा. काळ कोणता, ग्रह कोणता, नायक कोण एवढं कळलं की कानाला पाय ठेवायला जागा मिळते. पुढे मात्र जायचं नाही. विकिपीडियावरचं कथानक तिसऱ्या ओळीतच सगळं सांगून टाकतं.

आता ‘द टाइम मशीन’ लावू. पहिल्या काही मिनिटांतच यजमान पाहुण्यांना विचारतो, क्षणभरही न टिकणारा घन खरोखर असू शकतो का? लांबी, रुंदी, जाडी आहे, पण टिकणंच नाही, तर तो आहे असं म्हणायचं का? इथे थांबवा. खरोखर पॉज दाबा आणि अर्धा मिनिट विचार करा. पुढची सगळी कादंबरी या एका प्रश्नावर उभी आहे: काळ ही चौथी मिती असेल तर तिच्यातून इकडेतिकडे का जाता येऊ नये? हे पटलं की यंत्र कसं चालतं याच्या तपशिलात शिरायची गरज उरत नाही. वेल्सही शिरत नाही. मग यजमान एक छोटं यंत्र टेबलावर ठेवतो, तरफ दाबली जाते आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतं. हा प्रसंग पुन्हा एकदा ऐका, कोण कुठे बसलंय इकडे लक्ष देऊन.

इंग्रजी ऐकण्याची सवय नसेल तर याच पुस्तकाचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. पहिलं प्रकरण डोळ्यांसमोर धरून ऐकायचं आणि दुसऱ्यापासून मजकूर बंद करायचा. वेल्सची वाक्यं लांब आहेत, पण ती एकदा डोळ्यांनी पाहिली की त्यांची चाल कानाला कळते.

तास संपला की पुस्तक बंद करा आणि कोणाला तरी दोन मिनिटांत सांगा काय झालं. घरात कोणी ऐकून घेणारं नसेल तर व्हॉइस नोट स्वतःलाच पाठवा. जिथे अडखळाल तेवढंच उद्या परत ऐकायचं.

नावं देवनागरीत उतरवा

ऐकलेलं नाव इंग्रजीत लिहायला गेलं की स्पेलिंगपाशीच अडतं. देवनागरीत तो प्रश्नच येत नाही, कानाला जसं आलं तसं कागदावर उतरतं. फोनच्या नोट्समध्ये किंवा पुस्तकाला लावलेल्या बुकमार्कच्या टिपणात, नावापुढे तीन-चार शब्द. याहून जास्त लिहिलं की तो अभ्यास होतो. ‘ड्यून’च्या सुरुवातीला इतकंसं टिपण पुरतं:

अराकिस: वाळवंटी ग्रह, स्पाइस इथेच मिळतो.
पॉल: पंधरा वर्षांचा, अट्राइडीस घराणं.
जेसिका: आई, बेनी जेझरिट पंथातली.
लेटो: वडील, ड्यूक.
हार्कोनेन: शत्रू, अराकिस आधी यांच्याकडे.
फ्रेमेन: वाळवंटात राहणारे.

काय लिहायचं यापेक्षा काय सोडायचं हे समजणं जास्त गरजेचं आहे. ‘ड्यून’च्या पहिल्याच प्रकरणात एक म्हातारी येते, पॉलला पेटीत हात घालायला लावते आणि मानेशी विषारी सुई धरते. त्याच गडबडीत ‘गॉम जब्बार’, ‘क्विसात्झ हॅडेराक’ असे शब्द कानावर आदळतात. ऐकणारा घाबरतो की आपलं काहीतरी सुटलं. सुटलेलं काही नसतं. क्विसात्झ हॅडेराक म्हणजे काय हे त्या वेळी पॉललाही ठाऊक नाही, मग तुम्हाला का असावं? पात्राला जे कळलेलं नाही ते तुम्हाला कळायची घाई नाही. पात्र जे गृहीत धरून बोलतंय तेवढंच टिपायचं.

हाच उपाय ल्यू त्सशिनच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ला लागू पडतो. तिथे सगळी नावं चिनी आणि आडनाव आधी. ये वेनज्ये, वांग म्याव, शी च्यांग अशी कानाला आली तशी उतरवून पुढे ‘बाई, खगोलशास्त्र’, ‘नॅनो-मटेरियलवाला’, ‘उद्धट पोलीस’ इतकं लिहिलं की पुस्तक आटोक्यात येतं. सुरुवात 1967 मधली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळातली आहे, आणि पुढे गोष्ट एकदम काही दशकं पुढे जाते. टिपणात त्या दोन काळांमध्ये नुसती एक रेघ ओढली तरी पुरे.

कागदावर असणाऱ्या पण कानाला न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी. ‘ड्यून’मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एखाद्या काल्पनिक ग्रंथातला उतारा आहे. छापील पुस्तकात तो वेगळा दिसतो, ऐकताना तो गोष्टीचाच भाग वाटतो. प्रकरण बदललं की पहिलं अर्धं मिनिट उताऱ्याचं समजावं. आणि पात्रांच्या मनातले विचार छापताना तिरप्या अक्षरात असतात. चांगला निवेदक तिथे आवाज खाली आणतो. संवाद चालू असताना आवाज बसल्यासारखा झाला तर ते मनातलं बोलणं, समोरच्याने ते ऐकलेलं नाही.

वेग

इंग्रजी निवेदक तासाला नऊ हजारांच्या आसपास शब्द वाचतो. 1.25 च्या स्पीडला सोळा तासांचं पुस्तक तेरा तासांच्या आत येतं आणि ऐकायला त्रासही होत नाही. पहिल्या तासानंतर तिथवर जायला हरकत नाही. 1.5 च्या पुढे शब्द कळतात, पण विराम मरतात. साय-फायमध्ये विरामातच ‘अरे, म्हणजे हे यान नव्हतंच की!’ हे कळायचं असतं. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’तले सूर तर पळवून ऐकणं म्हणजे त्यासाठी दिलेले पैसे पाण्यात घालणं. वर्षाला शंभर पुस्तकांचे आकडे फिरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

कधी, कुठे, कशाबरोबर

हात गुंतलेले आणि डोकं मोकळं अशी कामं निवडायची. मेथी निवडणं, इस्त्री, कपडे घड्या घालणं, ओळखीच्या रस्त्यावर चालणं. नवा पदार्थ पहिल्यांदाच करत असाल तर दोन्ही बिघडतं. व्हॉट्सॲपला उत्तरं देताना ऐकणं म्हणजे न ऐकणंच, कारण दोन्हीकडे भाषाच आहे.

कल्याणहून सीएसएमटीला फास्टने तासाभराचा प्रवास, तो ऐकायला सोन्यासारखा, पण बसायला जागा मिळाली तर. दारात लोंबकळताना फक्त ऐकून झालेलं प्रकरण पुन्हा ऐकावं. स्टेशनांच्या घोषणांत हळू आवाजातले संवाद बुडतात आणि मग आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबल आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालतात आणि फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा. बाहेरचा आवाज अडवणारे, कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतले की आवाज चढवायची वेळ कमी येते. दुचाकीवर मात्र इअरफोन नकोच. चालताना एकाच कानात घालणार असाल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो’ चालू करा, नाहीतर नाट्यरूप पुस्तकात अर्धी पात्रं दुसऱ्या कानातच राहतात.

रात्री अंथरुणात ऐकायचं असेल तर स्लीप टायमर पंधरा मिनिटांचा, आणि नवीन प्रकरण नाही. झोप टायमरच्या आधीच लागते, म्हणून सकाळी दहा मिनिटं मागून सुरुवात करावी.

मध्येच हरवलात तर

आधी पंधरा-पंधरा सेकंदांनी दोनदा मागे. तरी पत्ता लागला नाही तर प्रकरणाच्या सुरुवातीला जा. त्यानेही जमलं नाही तर उलटं करा: पुढचं प्रकरण लावून दहा मिनिटं ऐका. बऱ्याचदा लेखकच कोणाच्या तरी तोंडून झालेलं सगळं परत सांगतो. पुस्तक पहिल्यापासून सुरू करणं हा उपाय नव्हे. त्याने पहिली तीन प्रकरणं पाठ होतात आणि चौथं तसंच राहतं.

आकडेमोड आली की दडपून जाऊ नका. वियरची पात्रं सतत हिशोब करतात: ऑक्सिजन इतका, कॅलरी तितक्या. कानाने गणित पडताळून बघायचं नसतं. शेवटचं वाक्य तेवढं पकडायचं: पुरतं की पुरत नाही?

आठवडाभर खंड पडला तर पुन्हा सुरू करताना आधी टिपण वाचा, मग शेवटची पाच मिनिटं ऐका. आणि एक तृतीयांश पुस्तक झाल्यावरही कोणाचं काय होतंय याची उत्सुकता नसेल तर खुशाल सोडून द्या.

मराठीत काय ऐकावं

मराठी विज्ञानसाहित्य कादंबरीपेक्षा कथेत जास्त फुललं, आणि कथा हा ऐकायला उत्तम आकार. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि पुढे त्यांच्यामुळे एक आख्खी पिढी या वाटेला लागली. त्यांच्या कादंबऱ्यांत ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ आधी शोधाव्यात. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही नावंही टाकून पाहावीत. भयकथांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नारायण धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या आहेत, ‘गोग्रॅमचा चितार’ त्यातली.

ॲपवर शोधताना लेखकाचं नाव देवनागरीत टाका, मग इंग्रजी लिपीत, आणि तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. यादीत नाव कसं चढवलंय याचा नेम नसतो. निवेदकाच्या नावावर टिचकी मारली की त्याने वाचलेली बाकीची पुस्तकं दिसतात. आवडलेल्या आवाजाच्या मागे जाऊन पुस्तकं शोधणं हा मराठीत तरी सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

कथासंग्रह ऐकताना एक पथ्य पाळा: एका बैठकीला एकच कथा. ॲप आपोआप पुढची कथा लावतं, तो ऑटो-प्ले बंद करा. शेवटच्या वाक्यात डाव उलटणारी कथा असते आणि पाच सेकंदांत दुसऱ्या कथेतला नवा ग्रह, नवं वर्ष सुरू झालं तर पहिलीचा धक्का बसायला जागाच राहत नाही.

शाळेतल्या मुलांसोबत ऐकायचं असेल तर गाडीच्या लांब प्रवासात, स्पीकरवर आणि मराठीतच. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला. त्याची पुस्तकं ऑडिओत मिळाली नाहीत तर छापील घ्या आणि मागच्या सीटवरून कोणीतरी मोठ्याने वाचा. प्रकरण पुणे-सातारा टप्प्यात संपेल असं बघा आणि पुढचं, मुलांनी कितीही हट्ट केला तरी, परतीच्या वाटेवर.